आमच्या ह्यांची तपासणी

"हे पातं धर," हे स्टुलावर उभे राहून म्हणाले. "दोन्ही हातांनी. आणि मागची बाजू बघ. कोळशाच्या वखारीत टांगला होता की काय हा पंखा?"

"अहो, तो माणूस तुम्हाला तपासायला येणार आहे की पंख्याला?"

"तुला नाही कळायचं. लिफ्टचा इन्स्पेक्टर आला की आधी मशीनरूमची फरशी बघायचा. फरशीवर तेलाचा डाग दिसला की तिथेच त्याचं तोंड वाकडं. मग दोर कितीही नवा असू दे."

मी पातं धरलं. न धरून सांगते कोणाला? सकाळचा चहा व्हायच्या आत ह्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. खुर्च्यांचे पाय घट्ट करून झाले, दाराच्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालं, आणि न्हाणीघरातला जो नळ मी सांगून सांगून थकले होते तो आपणहून दुरुस्त झाला. अशी तपासणी दर महिन्याला असायला हवी, असं माझ्या मनात आलं, पण बोलले नाही. ह्यांचा चेहरा इतका फुलला होता की टोमणा मारायला जीभ उचलेना.

आमचे हे लिफ्टवाले. म्हणजे होते, आता निवृत्त झालेत. उभं आयुष्य लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ह्यांना लिफ्टवरूनच समजते. मुलांच्या धावण्याच्या क्लबातल्या कोचताई म्हणाल्या होत्या, "काका, आता सगळ्या स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणार आहेत. ती झाली की तुम्हाला कार्ड मिळेल. कार्ड असेल तरच स्पर्धेच्या दिवशी मुलांबरोबर मैदानात उतरता येईल." ह्यांनी त्यातून एवढंच घेतलं, की इन्स्पेक्टर घरी येणार, ह्यांना उलटंपालटं करून बघणार, शेजाऱ्यांना विचारणार आणि सगळं ठाकठीक निघालं की सही करून जाणार. लिफ्टचं तसंच तर असतं. दरवर्षी माणूस येतो, दोर बघतो, ब्रेक बघतो, वजन घालून वर-खाली फिरवतो आणि मग एक कागद देतो. तो कागद लिफ्टमध्ये काचेच्या चौकटीत लावतात.

"त्यांना पोलिसांकडून कळतं म्हणे सगळं," मी एकदा सांगून पाहिलं. "घरी कोणी येईल असं ताई काही बोलल्या नाहीत."

"बघितल्याशिवाय कोण सही करेल?" हे म्हणाले.

ह्यांना एवढा उत्साह कशाचा, ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

आम्हाला मूल नाही. आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता वय निघून गेलं. नोकरी होती तोवर ह्यांना विचार करायला सवडच नव्हती. निवृत्त झाले आणि दुपार खायला उठली. मग हे समोरच्या बागेत जाऊन बसायला लागले, झोपाळ्यांशेजारच्या बाकावर. मुलं बघत बसण्याची ह्यांना भारी हौस. त्यातल्या एका झोपाळ्याची कडी करकरायची. लिफ्टवाल्याच्या कानाला ते सोसतंय थोडंच? एक दिवस तेलाची बुधली घेऊन गेले आणि कडीत तेल सोडलं. झोपाळ्यावर एक चिमुरडी होती. तिला म्हणाले, "आता घे झोका. बघ, आवाज येतो का!"

तिची आई धावत आली. चष्मेवाली, खांद्याला ऑफिसची बॅग तशीच. तिनं विचारलं, "तुमचं मूल कोणतं ह्यात?"

"माझं कोणी नाही," हे म्हणाले. खरं होतं तेच सांगितलं.

बाईंनी मुलीला झोपाळ्यावरून उतरवलं, तिचा हात घट्ट धरला आणि चालू लागल्या. ओरडल्या नाहीत, वावगा शब्द काढला नाही. पण चालताना दोनदा मागे वळून बघितलं. त्यानंतर हे बाकावर जाऊन बसले की आसपासच्या आया आपापली पोरं जवळ ओढून घ्यायच्या. थोड्याच दिवसांत ह्यांनी बागेत जाणं सोडलं. बुधली फडताळात गेली. हे घरात बसून आमच्याच इमारतीच्या लिफ्टचा आवाज ऐकत राहायचे. "दुसऱ्या मजल्यावर घासतेय," एवढंच म्हणायचे.

मला त्या बाईंचा असा संताप आला होता की समोर आल्या असत्या तर माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असतं सांगता येत नाही. हे मात्र म्हणाले, "तिला काय माहीत मी कोण? माझ्या कपाळावर लिहिलंय का?"

पुढे मैदानाच्या फाटकावर मीच पाटी वाचली. छोट्यांच्या सरावाला मदतनीस हवेत. ह्यांना जवळजवळ ओढतच नेलं. कोचताई तरुण, कामाला वाघ, आणि आवाज असा खणखणीत की भोंग्याची गरज नाही. त्यांनी ह्यांना धावपट्टीवर चुन्याच्या रेघा मारायच्या, छोटे अडथळे मांडायचे, पाणी भरून ठेवायचं असं काम दिलं. ह्यांनी पहिल्या दिवशी मारलेल्या रेघा इतक्या सरळ होत्या की ताईंनी फोटो काढला. पोरांनी ह्यांना 'लिफ्टवाले आजोबा' करून टाकलं. मी पायऱ्यांवर लोकर आणि सुया घेऊन बसायची. ह्यांना असं पळताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

आणि आठवडा जातो न जातो तोच झोपाळ्यावरची ती चिमुरडी तिथे दिसली. क्लबात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालायची कमी आणि गरगरायची जास्त. तिला सोडायला चष्मेवाल्या बाई आल्या होत्या. त्यांनी ह्यांना ओळखलं. ह्यांनीही त्यांना ओळखलं. हे आपले चुन्याचा डबा हातात घेऊन मान खाली घालून रेघ मारत राहिले. त्या दिवशीची ती एकच रेघ वाकडी आली.

लगेचच्या पालकसभेत बाई उभ्या राहिल्या. "मुलांत काम करणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करायचा नियम आहे," त्या म्हणाल्या. "आपण तो पाळत का नाही?"

झालं! सभेत मधमाश्यांचं पोळं उठावं तसा कालवा झाला. एक बँकवाले बाबा होते, मुलगा उंच उडी मारायचा, ते तर लालबुंद झाले. "म्हणजे आम्ही काय चोर-दरोडेखोर? सकाळची झोप मोडून दुसऱ्यांच्या पोरांना पाणी पाजायचं, आणि वर पोलिसांचा दाखला आणायचा?"

"मला कोणाचा अपमान करायचा नाही," बाई म्हणाल्या. "पण माझी मुलगी ज्याच्याजवळ सोडून मी ऑफिसला जाते तो कोण आहे, हे मला कळायला हवं. नुसतं चांगलं दिसणं मला पुरत नाही."

त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. पण हा विषय कोणामुळे निघाला ते मला कळलं होतं. मी हातातल्या सुया लोकरीत खुपसल्या. आता उठते आणि चार शब्द सुनावते, असं म्हणेपर्यंत शेजारून हेच उठले. जन्मात सभेत तोंड उघडलं नव्हतं ह्या माणसानं.

"मी लिफ्टवाला," हे म्हणाले. "लिफ्टची दरवर्षी तपासणी होते. कधी लिफ्टनं म्हटलंय का, की माझा अपमान झाला? तपासली नाही तर माणूस आत पाय कसा ठेवणार? बाई बरोबर बोलतायत. माझी करा. आधी माझी करा."

काही जण हसले. बँकवाले मान हलवत खाली बसले. चष्मेवाल्या बाईंनी मात्र चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. घरी येताना मी धुमसत होते. "तिच्या बाजूनं बोलायचं काय अडलं होतं तुमचं? तुमच्यासाठीच होतं ते सगळं."

"तेच तर," हे म्हणाले आणि रस्त्यात उभे राहिले. डोळे असे चमकत होते की जणू बढती मिळाली. "अगं, आता कोणीतरी बघेल. नीट, सगळं बघेल. आणि सांगेल, मी कोण ते."

तेव्हा मला कळलं, की ह्या माणसानं बागेतलं काहीच विसरलेलं नव्हतं. मी नुसती बरोबर चालत राहिले.

तर अशी ती पंख्याची पाती. पंखा झाला तशी ह्यांनी स्वतःची डागडुजी काढली. डोळे तपासून आले, दाढीचं नवं पातं आणलं, शर्टांची बटणं माझ्याकडून घट्ट करून घेतली. पोलीस ठाण्यात जाऊन बोटांचे ठसे दिले, तर तिथल्या हवालदाराला म्हणाले, "वजन घालून नाही बघणार?" तो बिचारा बघतच राहिला.

एवढ्यावर थांबले असते तर हे कसले! आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्या ओल्या कपड्यांचं पाणी आमच्या खिडकीत ठिबकतं ह्यावरून ह्यांचं आणि त्यांचं जुनं वाकडं. बोलणं कधीच बंद झालेलं. हे संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून मास्तरांच्या दारात उभे. मागे मी, कारण एकटं सोडायची माझी छाती नव्हती.

"मास्तर," हे म्हणाले, "माझ्याबद्दल चौकशीला कोणी येईल. जे खरं असेल ते सांगा. पाण्यावरून मी तुम्हाला काय काय बोललो तेही सांगा."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "चौकशी? अहो, केलंत काय तुम्ही?"

"अजून काही नाही केलं," हे म्हणाले. "करू देतील की नाही, तेच बघायचंय."

मास्तरांनी दार अर्धं लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी साऱ्या इमारतीत झालं, की लिफ्टवाल्यांच्या मागे पोलीस लागलेत. खालच्या मजल्यावरची एकजण तर माझ्या हाताला हात लावून म्हणाली, "धीर धर हो." मी हसू की रडू, मला कळेना. मग मीच वर जाऊन मास्तरांना सगळं नीट सांगितलं. ते ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "मुलांसाठी होय? मग मी सांगेन की. चांगलंच सांगेन." त्या दिवसापासून खिडकीत ठिबकणंही बंद झालं. पण इन्स्पेक्टर काही आला नाही. दाराची घंटा वाजली की हे विंचू चावल्यागत उठायचे, आणि दारात दूधवाला असायचा.

इकडे स्पर्धा जवळ येत चालली. दुसऱ्या गावच्या मोठ्या मैदानावर व्हायची होती, बसने जायचं होतं. ताईंनी ह्यांना सुरुवातीच्या रेषेवरचं काम सांगून ठेवलं होतं: छोट्यांना आपापल्या पट्ट्यात उभं करायचं, रडणाऱ्याला शांत करायचं. कार्ड नसेल तर बसमध्ये पाय ठेवायचा नाही. बँकवाल्यांचं आलं, दोघा-तिघांचं आलं. ह्यांचं येईना. हे जेवताना घास हातात धरून बसायचे. "ठसे नीट उमटले नसतील का गं?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारायचे.

अशातच तो प्रकार झाला.

सरावाच्या वेळी भिंगरी कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि आतल्या संडासाची कडी अडकली. पोर आतून दार बडवायला लागली, आणि मग जे भोकाड पसरलं ते मला पायऱ्यांवर ऐकू आलं. हे सर्वांत जवळ होते. धावले, खोलीच्या दारापर्यंत गेले आणि उंबरठ्यावर खिळल्यासारखे थांबले. कार्ड नसलेल्या कोणी त्या खोलीत जायचं नाही, असा नियम होता.

"अहो, तुम्ही मेकॅनिक ना? उघडा की!" बँकवाले धापा टाकत येऊन म्हणाले.

"मला आत जाता येत नाही," हे म्हणाले. "तुम्हाला कार्ड आहे. तुम्ही जा. पण एकटे नका जाऊ, ताईंना येऊ द्या."

"नियम काय घेऊन बसलात! पोर रडतंय!"

ताई मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. कोणीतरी त्यांच्याकडे पळालं. ह्यांनी उंबरठ्यावरच बसकण मारली आणि आत तोंड करून बोलायला लागले. हा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. म्हणजे हे घरी कधी असं बोललेच नव्हते. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी हे असंच बोलत असणार.

"भिंगरे, मी लिफ्टवाले आजोबा. मी इथे बाहेर बसलोय. कुठे जात नाही. तू खाली बस. बसलीस?"

आतून हुंदका. मग, "हो."

"शाब्बास. आता मला सांग, दाराला किती खिळे दिसतात?"

"आजोबा, तुम्ही या ना आत!"

ह्यांचा चेहरा मला दिसत होता. ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले. "ताई येतायत, राणी. त्या दार उघडतील. मी इथेच आहे. तू खिळे मोज."

मला राहवेना. मी म्हटलं, "मी जाते." तर माझाच हात धरून मला थांबवलं. कार्ड माझ्याकडेही नव्हतं. ताई धावत आल्या, बँकवाल्यांना घेऊन आत गेल्या. हे बाहेरूनच सांगत होते, "दार आधी वर उचला, मग आपल्याकडे ओढा. भिंगरे, आता आतून कडी सरकव." दार उघडलं. भिंगरी रडून रडून लाल झाली होती. तिला ताईंनी उचलून घेतलं. हे उठले आणि पाणी भरायला निघून गेले. पाठमोरे होते, पण शर्टाच्या बाहीनं तोंड पुसताना मी पाहिलं.

"एवढा कसला तो नियम," कोणीतरी म्हणालं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. त्या रात्री मी ह्यांच्याशी धड बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्या बाई तडक ह्यांच्याकडे आल्या. हे चुना कालवत होते.

"काल तुम्ही आत का नाही गेलात?"

"कार्ड आलं नाही अजून."

"पण ती रडत होती."

"हो," हे म्हणाले. "मला ऐकू येत होतं."

बाईंनी बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, मी कोण हे कळायला हवं," हे म्हणाले. आवाजात खोच नव्हती, साधं सांगत होते. "अजून कळलेलं नाही ना तुम्हाला. मग कसा जाणार?"

त्यांनी मैदानात गरगरणाऱ्या भिंगरीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ती मला सांगत होती, आजोबांनी खिळे मोजायला लावले," आणि निघून गेल्या. माझा त्यांच्यावरचा राग नेमका कुठे गेला कळलं नाही, पण शोधूनही सापडेना.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ताईंनी ह्यांना हाक मारली. हातात कार्ड, निळ्या फितीला लावलेलं, ह्यांच्या फोटोसकट. हे दोन्ही हात पँटला पुसून पुढे झाले.

"कधी आले होते?" ह्यांनी विचारलं.

"कोण, काका?"

"इन्स्पेक्टर. आम्ही तर कुठे गेलो नव्हतो. की मास्तरांना भेटून परस्पर गेले?"

ताईंना हसू आवरेना. "अहो काका, कोणी येत नाही घरी. संगणकावर बघतात. नाव टाकलं, ठसे टाकले, की कळतं. हा बघा अहवाल." त्यांनी फोन पुढे केला. त्यावर एकच ओळ होती: काहीही आढळले नाही.

ह्यांनी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. "एवढंच?"

"तेच तर हवं असतं, काका!"

कार्ड खिशात घालून हे निघाले. मला वाटलं होतं, आता ह्यांना आभाळ ठेंगणं होईल, पण रस्ताभर तोंडातून शब्द नाही. घराच्या जिन्याशी आल्यावर म्हणाले, "काहीही आढळलं नाही, म्हणजे गं?"

"म्हणजे वाईट काही आढळलं नाही."

"ते कळलं मला. पण काहीच नाही? एवढं आयुष्य काढलं. किती जणांना लिफ्टमधून बाहेर काढलं. कोणाचं कधी बोट सापडू दिलं नाही दारात. आणि बघायला गेलं तर काय, तर काही नाही."

ह्यांना वाटत होतं कोणीतरी येईल, बसेल, पंख्याकडे बघेल, विचारेल. कोणीतरी एकदा ह्यांच्याकडे नीट बघेल. मी तेवढी होते बघणारी, आणि मीही नळावरून बोलत बसले होते.

"का हो," मी म्हटलं, "लिफ्टच्या कागदावर काय लिहितात? ही लिफ्ट फार गुणाची, मनानं मोठी, असं लिहितात का?"

हे थांबले. "छे. वापरण्यास योग्य, एवढंच लिहितात."

"मग?"

आधी मिशीत हसले, मग मोठ्यानं. "वापरण्यास योग्य!" असं म्हणत जिना चढले, आणि वरून मास्तर डोकावले तर त्यांना कार्ड काढून दाखवलं.

स्पर्धेच्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी ह्यांचे बूट पायात. बसमध्ये पोरांनी असा गोंधळ घातला की चालकानं कानात कापूस घातला असेल. मोठं मैदान, रंगीत झेंडे, भोंगा, वेगवेगळ्या रंगांच्या बनियनमधली शेकडो पोरं. माझंच काळीज धावायला लागलं होतं. हे सुरुवातीच्या रेषेवर इकडून तिकडे धावत होते. एकाला पट्ट्यात उभं कर, दुसऱ्याच्या पाठीवरचा नंबर नीट लाव, तिसऱ्याला "उलटी होतेय असं वाटतंय ना? सगळ्यांना वाटतं" असं सांग. आणि दर दोन मिनिटांनी छातीवरचं कार्ड सरळ करायचे. वाऱ्यानं ते सारखं उलटं व्हायचं, कोरी बाजू वर. हे लगेच फिरवून फोटोची बाजू पुढे करायचे. कोणी वाचत नव्हतं. तरी ह्यांचं चालूच.

छोट्या मुलींची शर्यत पुकारली. भिंगरी चार नंबरच्या पट्ट्यात. चष्मेवाल्या बाई तिला घेऊन कठड्यापाशी आल्या. ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि कार्डाकडे बघत म्हणाल्या, "वाचू?"

"वाचा ना. त्याच्यासाठीच आहे."

त्यांनी खरंच वाचलं. चष्मा नाकावर सारून, वरपासून खालपर्यंत. एवढ्या लोकांत वाचणारी ती एकच बाई. मग म्हणाल्या, "तिच्या बुटाची लेस सुटलीय. मला नोंदणीच्या टेबलावर बोलावलंय. तेवढी बांधाल?"

आणि भिंगरीचा हात सोडून त्या निघाल्या. मी कठड्याला लागूनच्या पायऱ्यांवरून बघत होते. त्या टेबलापर्यंत गेल्या, पण मागे वळून त्यांनी बघितलं नाही.

हे भिंगरीसमोर गुडघ्यावर बसले. ह्याच हातांनी पोलादी दोर बांधलेले. लेस धरली, फास घातला, ओढला. सुटला. पुन्हा घातला, गाठ भलतीकडेच गेली.

"आजोबा, उलटं होतंय," भिंगरी म्हणाली.

समोरून दुसऱ्याच्या बुटाची लेस बांधायची तर सगळं उलटं दिसतं. आयांना, बापांना ते सवयीनं जमतं. आमच्या घरात तशी सवय व्हायची वेळच आली नव्हती. कानकोंडे होऊन ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मलाही कुठे येत होतं!

मग हे उठले, भिंगरीच्या शेजारी आले, तिचं तोंड जिकडे होतं तिकडे तोंड करून एका गुडघ्यावर बसले. तिचा पाय जणू स्वतःचाच पाय आहे अशी लेस धरली. आणि गाठ बसली, नीट, दुहेरी.

"घट्ट झाली?"

"झाली!" म्हणत भिंगरी पट्ट्यात पळाली. शिट्टी झाली. सगळीकडे एकच आरडाओरडा. मी पायऱ्यांवर उभी राहून कोणाच्या तरी पाठीवर थापा मारत होते. भिंगरी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आली, आणि तशीच, बुटातून ठिणग्या पडाव्यात तशी, रेषेपार गेली. पहिली आली की दुसरी ते मला अजूनही नक्की माहीत नाही. लेस सुटली नाही एवढं मी बघितलं.

हे अजून तिथेच होते, एका गुडघ्यावर. शेजारी दुसऱ्या क्लबातला कोणी बाप टाळ्या वाजवत उभा होता. त्यानं खुशीत वाकून विचारलं, "काका, तुमचं मूल कोणतं ह्यात?"

"ती चार नंबरची," हे म्हणाले. "लेस माझी आहे."

वाऱ्यानं कार्ड पुन्हा उलटं झालं होतं, कोरी बाजू वर. ह्यांचं लक्ष नव्हतं. मी पायऱ्यांवरून बघत होते, आणि मीही हाक मारून सांगितलं नाही.